गार्ड

रेसिडेन्स कार्डावर हुद्दा: स्टोअरकीपर.
फलंदाज या नावाचा व्हिसा
कंपनीकडे शिल्लक नव्हता.

एकोणीस वर्षं, शुक्रवारी पहाटे,
मस्कतात, वादी कबीरच्या सिमेंटवर.
खिळ्यांच्या बुटाने माती ओरखडून
गार्ड घ्यायची अकोल्याची सवय;
इथे खडू लागतो.
गोदामातलाच,
खोक्यांवर आकडे टाकायचा.

एकदा एकशे बेचाळीस केल्या.
सुपरवायझर कुरियनने
दोन तास ओव्हरटाइम लिहिला,
वर सही घेतली.

आज नजरेआधी चेंडू आला.
स्टंपांचा स्प्रिंगवाला लोखंडी स्टँड
वाजत राहिला उगाच.

पॅड सोडताना मागे पाहिलं:
नवा पोरगा माझ्याच रेघेवर
बॅट उभी धरून विचारतोय,
मिडल-लेग?

अंपायर मान हलवतो.
बोटभर ऑफला सरक, म्हणतो.