झाकली मूठ

रारोटोंगा. चर्चमागच्या सभागृहात
पंखा फिरतोय, वारा कुणालाच नाही.
टेबलावर चार दगड,
काळे, खडबडीत, राखेत विसरलेल्या बटाट्यांएवढे.
पाच हजार मीटर खालून आणलेत, म्हणतो कंपनीचा माणूस.
मँगनीज, निकेल, कोबाल्ट :
एकेक शब्द पानात वाढावा तसा वाढतो.

दगड हातोहात फिरतात.
मास्तर हुंगून पाहतात,
एक पोर नखाने खरवडतं, नख काळं होतं.
तेपाएरू आपल्या वाट्याचा तळहातावर तोलते,
बाजारात तारोचा कंद तोलावा तसा,
आणि मूठ मिटते.

समुद्राशी तिचा हिशेब जुना आहे.
मासे उधारीवर, मीठ फुकट.
नवरा मानिहिकीला काळ्या मोत्यांसाठी बुड्या मारायचा,
मोती ओसाकाला गेले,
नाकातलं रक्त बनियनवर राहिलं.
मोत्यांचा भाव तळाला गेला त्या वर्षी
थोरला ऑकलंडला गेला, मांसाच्या कारखान्यात.
बहीण डायलिसिससाठी गेली
ती पेटीतून परत आली.
आणि आता धाकटा मेतुआ
हात वर करून विचारतोय, शाळेतल्यासारखा :
बोटीवर माणसं लागतील का?

लागतील. इस्पितळही होईल, माणूस म्हणतो.
मग सांगतो, हा दगड दहा लाख वर्षांत
जेमतेम काही मिलिमीटर वाढतो.
आत कधी शार्कचा दात सापडतो,
त्याच्याभोवतीच थर धरत जातो.

म्हणजे कुणाचा तरी घास
अजून चावून व्हायचाय.

"खाली राहतं कोण?" तेपाएरू विचारते.
"फारसं कुणी नाही. स्पंज. काही पांढरे जीव, डोळे नसलेले."
"त्यांना विचारलंत?"
सभागृह हसतं. तीही हसते,
सगळ्यांत शेवटी थांबते.

चहा होतो. बन संपतात.
माणूस दगड मोजून पेटीत ठेवतो : तीन.
पुन्हा मोजतो.

घरी खिडकीत, नवऱ्याच्या पाणचष्म्याशेजारी
तिची मूठ उघडते.
दगड तिथे राहतो,
काळी भुकटी हातावर.
हात धुवायचं तिला सुचत नाही,
त्याच हाताने ती माशाला मीठ चोळते.

मेतुआ जेवतो. नोकरीचं बोलत नाही,
दगडाचंही नाही.
काटे तेवढे एकेक काढून
ताटाच्या कडेला ओळीने लावत राहतो.