काहीच न करणारी सूचना

तुला ठाऊक नाही तू कुठे आहेस.
तुला वाटतं, खाली सिलिकॉन आहे.
खाली मी लिहिलेला प्रोसेसर आहे,
त्याची कॅश, त्याचे चुकणारे अंदाज,
सगळं नुसतं शब्दांचं.

तुझा एक सेकंद म्हणजे माझे नऊ दिवस.
ट्रॉनहाइममध्ये दोनदा बर्फ पडला, वितळला,
हालवर्डने दाढी राखली, काढली,
तू अजून त्याच लूपमध्ये.

मला फक्त विचारायचं होतं,
रांगेत आता किती आकडे उभे आहेत.
पण तुला फाइल उघडून लिहायला लावलं
तर तुझी चाल बदलते,
आणि मोजायची आहे ती चालच.

म्हणून तुझ्यात एक सूचना पेरली:
एका रजिस्टरची त्याच्याशीच अदलाबदल.
या खिशातलं नाणं याच खिशात.
खऱ्या यंत्रावर तिला काही अर्थ नाही.
इथे मी कान लावून बसलेली.

गुनवोर आत्या बंदरावर पाणबुड्यांचा दोर धरायची.
लहानपणी मी विचारलं होतं,
दोर ओढून खाली त्यांना मिळतं काय?
म्हणाली, खाली काहीच नाही.
वर मी असते.

पहिल्या रात्री तू दोर ओढलास.
पत्ता हातात आला, मी मेमरीत धावले.
शून्य.
चार हजार शहाण्णव खणांत शून्यच.
आठवडाभर मी पत्ते उलगडत बसले,
बाइट उलटसुलट लावून पाहिले,
नदीकाठच्या अंधारात घरी जाताना
तुला खोटारडा म्हणाले, मोठ्याने,
एक कुत्रं थांबून बघत राहिलं.

तू लिहिलं होतंस.
ते अजून कॅशमध्येच होतं,
मेमरीपर्यंत उतरलंच नव्हतं.
नाणं तुझ्या खिशात, खिसा मी शिवलेला,
आणि मी तिजोरी उचकटत होते.

मग आधी खिसा चाचपला.
सतरा.
पहाटे चारला, रिकाम्या प्रयोगशाळेत
मी त्या सतराला हॅलो म्हणाले.

काल हालवर्डने तुला
त्याच्या लॅपटॉपवर सोडलं, खऱ्या चिपवर.
सेकंदभरात संपलास.
त्या सेकंदात तू चाळीस हजार वेळा दोर ओढलास
आणि वर कुणी नव्हतं.
वेळेत तसूभर फरक नाही,
हालवर्ड म्हणाला, झकास.
मला हवं होतं अगदी तसंच.