डावीकडची काडी

पिरनवाडीच्या वळणावर योस्तनं
इंडिकेटर समजून वायपर लावला.
एप्रिलचं ऊन, काचेवर थेंब नाही,
आणि ते दोन रबरी हात खरखर करत
नको नको म्हणत राहिले कुणाला तरी.

"त्यांच्याकडं इंडिकेटर डाव्या हाताला असतो, आत्या,"
मागच्या सीटवरून शाल्मली.
लग्नाला तीन वर्षं झाली,
तरी नवऱ्याची बाजू घेताना अजून कान लाल होतात तिचे.

हट्ट त्याचाच. चोर्ल्यातून गोव्याला गाडी मीच नेणार.
सपाट मुलखात सायकलवर वाढलेला माणूस,
त्याला घाट म्हणजे चैन.
लायसन्स आहे म्हणाला: एक गुलाबी कार्ड
आणि एक करडी पुस्तिका, पासपोर्टाची लांबची बहीण,
फोटोत तो आत्ताच रडून उठल्यासारखा.

गाडी माझी. म्हणजे गडहिंग्लजच्या भावजींनी दिलेली,
नंबर एमएच शून्य नऊ. माझं लायसन्स केए बावीसचं.
वीजबिल कन्नडात येतं, मी ते मराठीत भरते.
कुणी विचारलं तुम्ही कुठल्या,
तर आधी बघते विचारणारा कुठला.

किणयेच्या पुढं खानापूर डेपोची बस आली समोरून
आणि हा सरळ उजवीकडं गेला,
आपल्या घरी निघाल्यासारखा.
माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता,
तरी मी दाबला.

जांबोटीला म्हटलं, थांब की रे बाबा, करवंदं घेऊ.
त्याच्या हातात द्रोण दिला
आणि किल्ली काढून घेतली.

कणकुंबीला बॅरिकेड.
छातीवरचं नाव कन्नडात, वाचता येतं मला: ईरण्णा.
"लायसन्स तोरसरि."
एमएच नंबर बघून सगळ्यांनाच अडवतात,
मी ऐटीत काढून दिलं.
त्यानं तारखेवर नख ठेवलं.
"मुगदैत्री." मग माझा चेहरा बघून मराठीत,
"मार्चातच संपलंय की बाई."

मागून योस्तनं पुस्तिका पुढं केली, न मागता,
ओठांना करवंदाचा चीक लागलेला.

ईरण्णा पानं उलटत बसला.
फ्रेंच असावं. रशियन. उजवीकडून डावीकडं जाणारं काहीतरी,
पुढं चिनी, ते त्यानं उलटं धरून पाहिलं, मग सुलटं.
शेवटापर्यंत गेला, परत पहिल्यापासून.
काय शोधतोय ते कळलं मला,
मीही तेच शोधत होते, मान वाकडी करून.

"आमची नाही ह्यात," तो मराठीत म्हणाला.
"नम्मदू इल्ला," मी म्हटलं.

एक ट्रक हॉर्न देत होता मागं,
गोव्याकडं निघालेली भाजी उन्हात सुकत होती.
ईरण्णानं शिक्का मोजल्यासारखा पाहिला,
तारीख पाहिली, योस्तचे दात पाहिले.
"ह्याचं चालतंय. तुमचं नाही.
त्यालाच चालवू द्या की."

कितीदा गेले असेन ह्या घाटानं.
कुठल्या वळणावर धुकं बसून राहतं,
कुठल्या दगडाशी गाडी दुसऱ्यावर घ्यायची,
सगळं पायाला पाठ.
आणि मी दार उघडून उतरले,
बॉनेटला वळसा घालून डावीकडं बसले,
माझ्या गाडीत, माझ्या रस्त्यावर,
परवानगी असलेल्या पाहुण्याच्या शेजारी.

"हिकडं आमच्यात ड्रायव्हर बसतो," तो हसून म्हणाला,
माझ्या सीटकडं बोट करत.
शाल्मलीनं भाषांतर केलं. नको होतं करायला, समजलं होतं.

"डावं," मी म्हटलं. "दावं," तो म्हणाला.
"डावं, डावं." "दावं, दावं."
ईरण्णानं बॅरिकेड ओढलं. "होग्री."

पहिल्याच वळणाला वायपर लागला.
मी हात लांब करून बंद केला.
काडी माझ्याच बाजूला होती.