चारची सुरगाणा

कोठावदे सर पहिल्यांदा आले तेव्हा
आम्हाला वाटलं, ऑडिटवाले.
हातात स्टॉपवॉच, खिशात तीन रंगांची पेनं,
आणि केसपेपरच्या खिडकीसमोरच्या बाकावर
अकरा दिवस मुक्काम.
आजार काय विचारलं, तर म्हणाले, "रांग."

मी सावळीराम खैरनार, खिडकी नंबर दोन.
माझ्या एका शिक्क्याला किती सेकंद लागतात
हे मला त्यांनी सांगितलं.
चौदा. शाई वाळलेली असेल तर बावीस.
सिस्टर रोझलिन वॉर्डातल्या वॉर्डात
दिवसाला गंगापूर धरणापर्यंत चालतात
हेही त्यांनीच काढलं, ट्रेसिंग पेपरवर,
कोळिष्टकासारख्या रेघांनी.
मग इंजेक्शनचं कपाट उचलून दाराशी ठेवलं.
एवढंच.
दुसऱ्या दिवसापासून सिस्टर
आनंदवलीवरूनच परत फिरू लागल्या.

कॉलेजात ते कारखान्याचं शास्त्र शिकवत.
मोठे डॉक्टर म्हणाले, "माणूस म्हणजे नटबोल्ट नव्हे."
सर म्हणाले, "म्हणूनच आलो.
नटबोल्टला थांबून भूक लागत नाही."

रक्ताचे नमुने अकराला जायचे, रिपोर्ट पाचला यायचे,
आणि सुरगाण्याची शेवटची गाडी
सीबीएसवरून चारला सुटायची.
सतरा वर्षं मी त्या खिडकीत बसलो.
रात्री व्हरांड्यात एवढी माणसं का झोपतात
हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

सरांनी एका बाईला विचारलं, किती वेळ थांबलात?
ती म्हणाली, "कालधरनं. कोंबडं आरवायच्या आधीपून."
त्यांनी घड्याळ बंद करून खिशात टाकलं
आणि नकाशा नव्यानं काढला:
रांगेचं तोंड माझ्या खिडकीत,
शेपूट पार घाटापलीकडं
तिच्या चुलीपाशी.

नमुने नऊला निघाले, रिपोर्ट तीनला आले.
त्यासाठी लागली एक सायकल, एक डबा
आणि चार वर्षांचा पत्रव्यवहार.

सगळंच जमलं असं नाही.
औषधसाठ्याचं गणित त्यांनी मांडून दिलं होतं;
साहेब बदलले, फाइल खालच्या कप्प्यात गेली.
सर्पदंशाची लस संपली त्या आषाढात
सर नऊ नंबर खाटेच्या पायथ्याशी
नुसते उभे राहिले,
पेनाचं टोपण न काढता.

निवृत्तीला कॉलेजनं त्यांना शाल दिली.
त्यांनी मला अहवालाची मूळ प्रत.
वाया गेलेली मिनिटं ते लाल रंगवत.
सिस्टर रोज कुणातरी म्हातारीचा हात धरून
चार मिनिटं उगीच उभ्या राहत,
तीही लाल होती.
द्यायच्या आधी त्यांनी ती ब्लेडनं खरवडली.

पान अठ्ठावीस.
तिथं कागद अजून पातळ आहे,
खिडकीशी धरला की
पलीकडचा माणूस दिसतो.