मार्च ते मे : अंदाज

हवामान खात्याचा कागद आमच्याकडे
औषधांच्या यादीशेजारी चिकटवतात.
जहराचं इस्पितळ, श्वासाचा विभाग,
वाफ देणारी सोळा यंत्रं, त्यांतली चौदा चालू.
कागद म्हणतो : पाऊस सरासरीहून कमी,
तापमान दीड अंशानं चढं,
वायव्येचा वारा, धूळ,
संध्याकाळनंतर अचानक येणारी वादळं,
ज्यांना इथे सरायात म्हणतात.
मास्क किती मागवायचे ते कागद म्हणत नाही.
ते मला म्हणावं लागतं.

गेल्या साली एकशे वीस म्हटले होते.
एप्रिलात, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी,
खिडकीतून आधी पाण्याचा टॉवर गेला,
मग मिनार, मग पार्किंगमधल्या गाड्या
एकेक रांग करून.
मसुरीची डाळ वाटल्यावर येतो तो रंग.
रात्री लहान लेकरांच्या तोंडावर
मोठ्यांचे मास्क हातानं दाबून धरले आम्ही,
मी आणि लिसीअम्मा,
आणि कडेनं वाफ निसटत राहिली.

अबू मुत्लक सोमवारी येतो.
फाईलवर जन्मतारीख एक जुलै.
त्याच्या पिढीतले सगळे एक जुलैलाच जन्मलेत.
उंट आता मुलाकडे, साल्मीच्या रस्त्याला.
फुंक म्हटलं की नळीत फुंकतो,
काटा एकशे नव्वदवर जाऊन दमतो.
"कागद काय म्हणतो?"
मी सांगते. माझं अरबी दुखण्याचं अरबी :
कुठे, किती दिवस, खोल श्वास घे, सोड.
एवढ्यात वाळवंट मावत नाही.
तो ऐकून घेतो, खोकतो, म्हणतो,
"यंदा रबी नाही."

मी थुंकीची वाटी धरून तशीच उभी.
रबी?
मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली रब्बी,
शाळू, हरभरा, करडईचे काटे,
तलाठ्याच्या वहीत तिरका लिहिलेला शब्द,
तो इकडचा होता होय!
कुठल्या गलबतातून, कुठल्या दफ्तरातून आला
आणि आमच्या बांधावर असा बसला
की गाव कुठलं, कुणी विचारलंच नाही.

याची रबी कुणी पेरत नाही.
हिवाळ्यात वेळेवर चार सरी आल्या
तर आपसूक उठणारं गवत,
अरफजची पिवळी फुलं,
वाळूला बारीक तडा गेला की
खाली बोटं घालून काढायची अळंबी,
आणि उंटिणीच्या दुधाला महिनाभर येणारा वास.
कागदात हे सगळं मिलिमीटर या सदरात आहे.

"एप्रिल सरता थुरय्या लपेल," तो म्हणतो,
"चाळीस रात्री. जे यायचं ते त्याआधी."
ट्यूबलाइटकडे बोटांचा झुबका करून दाखवतो.
कृत्तिका. वडील त्यांना वस्तरा म्हणायचे.
मी मागणीपत्रावर तीनशे लिहिते.
कारण या रकान्यात : हवामान.

सरायात आली सतरा तारखेच्या रात्री,
अकरा मिनिटं. पाऊस नुसता चिखलाचा.
सकाळी काचांवर ओघळ,
आणि यंत्रं सोळाच्या सोळा चालू.
(दोन कुणी दुरुस्त केली, अजून कळलं नाही.)

पुढच्या सोमवारी मी त्याला चाकाच्या खुर्चीतून
मागच्या भिंतीशी नेलं.
एसीच्या नळीखाली, थेंब थेंब पाण्यावर,
हातभर लांब गवत.
"रबी," मी म्हटलं.
बराच वेळ बघत राहिला,
मग वाकून एक काडी तोडली, चावली.
"मीठ नाही यात," म्हणाला.
"उंट तोंड लावणार नाही."

आत येऊन फुंकला.
दोनशे दहा.
मी लिहून घेतलं. तो दुसरी काडी
खिशात शोधत होता.