उतरताना देतो

दुपारी टेकाम कंडक्टर पुन्हा आले. आजची तिसरी फेरी.
"बाई, बीपीची गोळी द्या, सकाळपासून घेतलीच नाई."
मी पुडीत दोन लिमलेट बांधते.
ते खिसा चाचपतात,
"सुटे उतरताना देतो."

पार्बताबाईला अक्षर येत नाही.
तिच्याच टिकल्या पाकिटांवर चिकटवल्या,
लाल सकाळची, काळी रात्रीची.
सर्दीची ती पिवळी गोळी मात्र काढून घेतली,
तिनं ते जास्तच भांबावत होते;
डॉक्टरांना फोन करून सांगितलं.

"अन् तुम्ही कवा झोपता?"
ती स्टँडकडे बघत राहिली
सिंदेवाहीची गाडी वळेपर्यंत.
"मी आडवी झाली का हे दार उघडतेत.
म्हणतेत, पहिली फेरी चुकन."

गोठ्यातली घाटी कडीला बांधा, म्हटलं.
माझ्या दुकानात त्यावर औषध नव्हतं.

आज ती आली, पदरात तोंड लपवून हसत.
रात्री कडी हलली, घाटी वाजली, एकदाच.
एक घंटी म्हणजे थांबा.
ते थांबले.
खाटेवर येऊन बसले,
तिला तिकीट विचारलं.

"मंग?"

"मंग काय बाई,
म्हटलं, पास हाय."