अनुस्वार

पंधरा वर्षं मी कुष्टाभाईंची गाडी चालवतोय.
भाषणं मला येत नाहीत, खड्डे येतात.
होंड्यापासून वाळपईपर्यंत कुठे दुसरा गिअर,
कुठे नुसता क्लच, सगळं पाठ.
वाळपईच्या बरंच पुढे, डांबर दमतं
आणि कदंबाची बस वळते,
तिथून खोलपें. पायी पाऊण तास.

मध्ये ओहळ. ओहळावर साकव:
काथ्याने बांधलेल्या तीन पोफळी.
चौथी चवथीच्या दिवसांत गेली,
कुणाच्या तरी माटोळीच्या सामानासकट.

भाई पहिल्यांदा ओलांडायला निघाले तेव्हा
चपला हातात घेतल्या, मध्येच थांबले,
खाली पाहिलं, मग वळून माझ्याकडे.
मी काय करणार, मी गाडीचा माणूस.
पलीकडून आनंदी गांवकर ओरडली,
"पात्रांव, खाली बघू नका.
आम्ही बघत नाही."

पर्वरीला अधिवेशनात त्यांनी तारांकित प्रश्न लावला.
मी इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत.
मंत्री उठले, कागद डोळ्यांजवळ धरला:
"खोलपे येथे पूल आहे.
दुपदरी. कठड्यासह. गेल्याच वर्षी रंगवला."
सभागृह हसलं.
भाईही हसले,
पडलेलं मूल रडण्याआधी हसतं तसे.

तिकडे तिसवाडीत एक खोलपे आहे, बिनटिंबाचं.
आमचं टिंबाचं.
कुठल्या तरी टेबलावर कुणाचं तरी पेन
वेळेआधी उचललं गेलं
आणि एक्काहत्तर लाख
ओहळ सोडून समुद्राकडे उतरले.

मग अकरा महिने आम्ही ते टिंब शोधत हिंडलो.
आल्तिनोच्या चढावर, बांधकाम खात्यात,
भूमापनात, तिथून पुन्हा आल्तिनोला.
वन खात्याने विचारलं, साकवाच्या पोफळी
कुणाच्या परवानगीने तोडल्या?
शुद्धिपत्रक निघालं एकदाचं.
त्यात छापलं होतं: खोंलपे.
भाईंनी कागद दोनदा वाचला आणि
गाडीत बसून बराच वेळ चष्मा पुसला.

एका रात्री पणजीत मांडवीकाठी थांबलो होतो.
समोर कॅसिनोच्या बोटी,
काठापासून बोटीपर्यंत पायघड्यांचा पूल,
वर झुंबरं लावलेली.
मी म्हटलं, भाई, अठ्ठ्याण्णव मतांसाठी एवढं?
ते म्हणाले, "सत्त्याण्णव.
आनंदी मला मत देत नाही.
स्वतः सांगते."

त्याच अकरा महिन्यांत तिच्या सुनेला
खुर्चीत बसवून चौघांनी साकव ओलांडला.
मी अलीकडे, इंजिन चालू ठेवून.
मुलगी मागच्या सीटवर झाली,
आरोग्य केंद्राच्या दोन वळणं अलीकडे.
सीट मी धुतली. पुरती गेली नाही ती खूण.
भाई अजून तिच्या शेजारीच बसतात,
फाइल मांडीवर घेऊन.

पूल झाला.
नारळ फुटला, पंचाचं भाषण लांबलं,
काजूच्या बोंडांचा वास मंडपात शिरून बसला.
फलकावरचा पडदा ओढला
आणि फलकावर: खोलपे.
कंत्राटदार जीभ चावून उभा.
भाई फलकाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता स्फोट.
त्यांनी नुसतं खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

आनंदी नातीला काखेत घेऊन पुढे आली.
पुलावर पाय आपटून बघितला, एकदा, दोनदा.
"पूल बरा आहे, पात्रांव.
पण आता बस अलीकडेच कशाला वळते?"
लोक हसले. भाईंनी वही काढली.
मी मागून वाचलं: खोलपें, बस.
टिंब असं दाबून दिलं होतं
की पुढच्या पानावर उमटलं.

मग मला खूण केली.
मी गाडी पुलावरून पलीकडे नेली, हळू,
पहिल्या गिअरवर.
तिथला एकही खड्डा
मला पाठ नव्हता.